पी.एफ. मोडायचा नाही, मोजायचा

प्रश्न थोडक्यात असा: पिंपरी-चिंचवडमधल्या एक ताई, वय ४४. लग्नाला अठरा वर्षं झाली, मुलगी नववीत आहे. पती ४७ वर्षांचे, एका खासगी इंजिनिअरिंग कंपनीत, हातात महिन्याला साधारण १,१०,००० पगार. ताई शाळेत शिक्षिका होत्या. २०१२ मध्ये नोकरी सोडली आणि तेव्हा मिळालेला स्वतःचा पी.एफ., १,८५,००० रुपये, घराच्या डाउन पेमेंटला दिला. आता संमतीने घटस्फोटाची बोलणी चालू आहेत. पतीच्या वकिलांचं म्हणणं असं, की फ्लॅट कर्जासकट ताईंनी घ्यावा, मुलीचा खर्च वडील वेगळा देतील, पण पी.एफ., पी.पी.एफ. आणि ग्रॅच्युइटी हे सगळं पतीचं. ‘पी.एफ.ला कोर्टही हात लावू शकत नाही,’ असं त्यांना सांगितलं गेलं आहे. यावर सगळा हिशेब मिटेल, पुढे पोटगी नाही. हे रास्त आहे का, असं त्या विचारतात.

ताई, मी पुण्यात कौटुंबिक प्रकरणांत बावीस वर्षं वकिली करते, त्यातली बरीचशी वर्षं मध्यस्थीच्या टेबलावर गेली. ‘पी.एफ.ला हात लावता येत नाही’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे. ते अर्धं खरं आहे, आणि बायका ते ऐकून पी.एफ.चा आकडासुद्धा विचारत नाहीत. म्हणून आधी त्यातलं खरं किती ते सांगते.

आपल्याकडे, गोवा वगळता, लग्नानंतर मिळवलेल्या मालमत्तेत दोघांचा निम्मा निम्मा हिस्सा असा कायदा नाही. ज्याच्या नावावर, त्याचं. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यामुळे, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर, पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. तिथे वाद ‘हिस्सा आहे का’ असा नसतो, ‘हिस्सा किती आणि कशातून’ असा असतो. बाकी देशात पत्नीला पतीच्या मालमत्तेत वाटा देऊ पाहणारं एक दुरुस्ती विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं, पण ते लोकसभेतून पुढे गेलंच नाही. त्यामुळे न्यायाधीश तुमच्या पतीच्या पी.एफ. खात्याचे दोन तुकडे करून एक तुमच्या खात्यात घालू शकत नाहीत. तशी सोयही नाही. एका सदस्याच्या खात्यातली रक्कम जोडीदाराच्या पी.एफ. खात्यात वळती होत नाही.

जप्तीचंही तसंच. भविष्यनिर्वाह निधीच्या १९५२ च्या कायद्यातल्या कलम १० पासून हे संरक्षण चालत आलं आहे, की सदस्याच्या खात्यातली रक्कम त्याच्या कर्जासाठी किंवा देण्यासाठी जप्त होत नाही. पी.पी.एफ.ला आणि ग्रॅच्युइटीला असंच कवच आहे. पण हे कवच सावकारापासून वाचवायला दिलेलं आहे. माणूस म्हातारपणी उघड्यावर पडू नये, आणि त्याच्याबरोबर त्याचं कुटुंबही पडू नये, हा त्यामागचा विचार. पत्नीची पोटगी म्हणजे सावकाराचं कर्ज नव्हे. म्हणूनच मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने थकलेल्या पोटगीसाठी पतीच्या पेन्शनमधून कपात करायला परवानगी दिली आहे. पगाराबाबतही दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० पोटगीच्या हुकूमनाम्याला साध्या कर्जापेक्षा वेगळी वागणूक देतं.

आता महत्त्वाचा मुद्दा. कायदा पी.एफ. वाटत नाही, पण मोजतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कायमची पोटगी ठरवताना न्यायालय समोरच्याचं उत्पन्न आणि मालमत्ता बघतं, अर्जदाराची परिस्थिती बघतं. आणि २०२० च्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं सविस्तर शपथपत्र द्यायचं. त्यात बचती आणि गुंतवणुकी आल्याच. खोटं शपथपत्र देणं हा गुन्हा आहे. संमतीने घटस्फोट घेताना तर तुम्ही दोघं मिळून अटी लिहिता, तिथे काय मोजायचं हे तुमच्या हातात आहे. मी माझ्या प्रत्येक अशिलाला, नवरा असो की बायको, एवढंच सांगते: पी.एफ. मोडायचा नाही, मोजायचा. मोजला की त्याच्या बदल्यात दुसरं काय द्यायचं ते बोलता येतं. मोजलाच नाही, तर बोलायला काही उरतच नाही.

तुम्ही पाठवलेले आकडे घेऊन बसूया.

पतीच्या पी.एफ. खात्यात आज ३८,६०,००० आहेत. लग्नाच्या वेळी, म्हणजे जुन्या कंपनीतले धरून, १,१०,००० होते. ते त्यांचे स्वतःचे, लग्नाआधीच्या कमाईचे. पण फक्त १,१०,००० वजा करणं त्यांच्यावर अन्याय होईल, कारण त्या पैशांवर अठरा वर्षं व्याज चढलं आहे. पी.एफ.चा व्याजदर या काळात वरखाली झाला. २०१०-११ मध्ये ९.५ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ८.१ पर्यंत उतरला, २०२४-२५ ला ८.२५ आहे. सरासरी साडेआठ धरला तर १,१०,००० चे अठरा वर्षांत सुमारे ४,७८,००० होतात. ते बाजूला काढा. उरले ३३,८२,०००. हा संसाराच्या काळातला पी.एफ.

ग्रॅच्युइटीचं सूत्र पंधरा दिवसांचा पगार गुणिले नोकरीची वर्षं, आणि महिना २६ दिवसांचा धरतात. मूळ पगार ६०,०००, या कंपनीत १७ वर्षं. म्हणजे ६०,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले १७: सुमारे ५,८८,०००. ‘ती अजून मिळाली कुठे आहे’ असं पतीचे वकील म्हणतील. बरोबर आहे, पण आज राजीनामा दिला तर एवढी मिळेल, ती कमावून झाली आहे. पुढच्या वर्षांची ग्रॅच्युइटी मी धरत नाही, ती त्यांच्या पुढच्या कष्टाची.

पतीचं पी.पी.एफ. ९,२०,०००, लग्नानंतरच उघडलेलं. मुदत ठेव ४,००,०००. तुमचं पी.पी.एफ. २,३०,०००, तेही मोजायचं. फक्त समोरच्याचं मोजायचं असं करू नका, टेबलावरची पत जाते. फ्लॅटची आजची किंमत ७८ लाख, कर्ज बाकी २२ लाख, म्हणजे निव्वळ ५६ लाख.

सगळं मिळून १११ लाखांच्या थोडं वर. निम्मे करायचे म्हटले तर प्रत्येकी साडेपंचावन्न लाख.

आता त्यांचा प्रस्ताव बघा. तुम्हाला फ्लॅट कर्जासकट, म्हणजे ५६ लाख, अधिक तुमचं पी.पी.एफ. २.३ लाख. एकूण ५८.३ लाख. त्यांच्याकडे, मुदत ठेव धरून, ५२.९ लाख राहतात. मी आकडेमोड दोनदा करून पाहिली. कागदावर तुम्हाला निम्म्यापेक्षा थोडं जास्तच मिळतं आहे. तुमच्या बाजूची असूनही मला हे सांगायला हवं, कारण चुकीच्या मुद्द्यावर भांडलात तर खरा मुद्दा हातचा जाईल.

खरी मेख ‘पुढे पोटगी नाही’ या शब्दांत आहे. वाटणी वेगळी आणि पोटगी वेगळी. वाटणी म्हणजे अठरा वर्षांत दोघांनी मिळून जे उभं केलं त्याचा हिशेब. पोटगी म्हणजे इथून पुढे तुम्ही कशावर जगणार याची सोय. त्यांनी वाटणी निम्मी निम्मी करून पोटगी शून्य केली आहे, आणि दोन्हींना मिळून ‘फुल अँड फायनल’ असं नाव दिलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मधल्या एका निकालात पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम पत्नीला पोटगी म्हणून रास्त ठरू शकते असं म्हटलं. तो काही पक्का नियम नव्हे, पण बोलणी तिथून सुरू होतात. १,१०,००० च्या २५ टक्के म्हणजे २७,५०० महिना, वर्षाला ३,३०,०००. तुमचे पती अजून किमान अकरा वर्षं नोकरी करणार. आज तुम्हाला पगार नाही. मग हे ३,३०,००० कुठे गेले, हा प्रश्न पुढच्या तारखेला विचारायचा आहे.

दुसरी मेख कर्जात आहे. ‘कर्जासकट घ्या’ म्हणायला सोपं आहे. बँक पगार नसलेल्या बाईच्या एकटीच्या नावावर २२ लाखांचं कर्ज ठेवत नाही, आणि पतीला सहकर्जदार म्हणून सोडतही नाही. कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे संमतीच्या लेखी अटींत, तुम्ही काहीही लिहा, त्या कागदावर बँकेची सही नसते. दोन हप्ते थकले की फोन दोघांनाही जातात. अशा अर्धवट सुटलेल्या घरांची प्रकरणं घटस्फोटानंतर चार-पाच वर्षांनी माझ्याकडे परत आलेली मी पाहिली आहेत.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत जास्त टोचते. त्यांच्या वाट्याला आलेले जवळजवळ सगळे पैसे म्हातारपणाचे आहेत, वाढणारे, बहुतेक करमुक्त. तुमच्या वाट्याला विटा. छप्पर हवंच, पण साठीनंतर छपरातून महिन्याचा किराणा येत नाही. तुमचे १,८५,००० तुम्ही २०१२ मध्ये घराला दिले. ते पी.एफ.मध्येच राहिले असते, तर आज साडेआठ टक्क्यांनी ५,३४,००० च्या आसपास झाले असते. म्हणजे तुमची निवृत्ती घराच्या पायात गेली आणि त्यांची खात्यात वाढत राहिली. हे कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. बहुतेक घरांत असंच होतं: बाईचा पी.एफ. लहान, नोकरी सुटलेली, मग तोच आधी मोडला जातो.

तुमच्या बँकेचं २०१२ चं पासबुक शोधा. जुनं झालं असेल तर बँकेकडून स्टेटमेंट मागवा. पी.एफ. जमा झाल्याची नोंद आणि लगेच पुढे बिल्डरला गेलेल्या चेकची नोंद, ही दोन्ही एकाच पानावर असतील. काही वर्षांपूर्वी मध्यस्थीत एका बाईंनी रेक्झिनच्या फोल्डरमधून असंच एक पान काढलं, पेन्सिलने दोन ओळींखाली रेघ मारलेली. तोवर ‘तिने घरात एक पैसा घातला नाही’ असं म्हणणारे गृहस्थ ते पान बराच वेळ बघत राहिले. त्या दिवशी आवाज खाली आले आणि बोलणी पुढे सरकली. भांडणात जे चार तास सांगून पटत नाही, ते कधीकधी पासबुकाच्या दोन ओळी पटवतात. पगार न मिळवणाऱ्या पत्नीच्या घरकामामुळेच नवरा कमवू शकतो, तेव्हा त्या मिळकतीत तिचाही वाटा आहे, असं मद्रास उच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये म्हटलं आहे. तो निकाल महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण मध्यस्थीत दाखवायला उपयोगी पडतो.

मग करायचं काय? मला जो मार्ग दिसतो तो सांगते, तुमच्या वकिलांशी पडताळून घ्या.

पी.एफ.मधून घरकर्ज फेडायला रक्कम काढता येते. घर सदस्याच्या, जोडीदाराच्या किंवा दोघांच्या नावावर असावं लागतं. तुमचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. तेव्हा पतीने घटस्फोटाआधीच पी.एफ.मधून कर्ज फेडावं. जितकी रक्कम नियमात बसेल तितकी तिथून, बाकीची मुदत ठेवीतून आणि थोडी थोडी करून. कर्ज संपलं की बँकेचा बोजा उतरवायचा आणि पतीने आपला अर्धा हिस्सा तुम्हाला नोंदणीकृत बक्षीसपत्राने द्यायचा. महाराष्ट्रात राहतं घर पती-पत्नीमध्ये बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वर नोंदणीचा आणि अधिभाराचा खर्च. ही सवलत नात्यावर मिळते. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की तुम्ही पती-पत्नी राहत नाही, म्हणून हे आधी उरकायचं. माणसं घाईत हा क्रम उलटा करतात आणि लाखांत शुल्क भरतात.

असं केलं तर तुमच्याकडे ७८ लाखांचं कर्जमुक्त घर आणि २.३ लाख, म्हणजे ८०.३ लाख. निम्म्यापेक्षा साधारण २४.७ लाख जास्त. हे २४.७ लाख म्हणजे ३,३०,००० च्या हिशेबाने साडेसात वर्षांची पोटगी, एकरकमी. तेव्हा ‘पुढे मासिक पोटगी नाही’ ही अट तुम्ही मान्य करू शकता, कारण तिची किंमत मिळाली. पतीच्या दृष्टीनेही हे सुटसुटीत आहे: दर महिन्याला कोणाचा फोन नाही, हप्ता नाही, आणि संसारातल्या पी.एफ.चे किमान अकरा-बारा लाख, पी.पी.एफ. आणि ग्रॅच्युइटी शाबूत राहते. अजून अकरा वर्षं ते भरत राहणार, खातं पुन्हा भरेल. तुमच्या खात्यात भर घालायला मालक नाही, हा फरक मध्यस्थांपुढे स्पष्ट शब्दांत मांडा. एकरकमी पोटगीवर तुम्हाला आयकर लागत नाही, मासिक पोटगीवर लागतो, हाही फायदा धरा.

त्यांचे वकील कदाचित म्हणतील, की पी.एफ. अकरा वर्षांनी मिळणार, मग आज त्याची किंमत कमी धरा. हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, पण पी.एफ.ला लावायचा नाही. खात्यातला आकडा म्हणजे आजची किंमतच आहे, त्यावर व्याज चढतंच आहे. पैसे अडकून असतात म्हणून थोडं कमी धरावं, हे मी मान्य करते. फार तर दहा टक्के. तेवढं धरलं तरी वाटणीत तुमच्या वाट्याचा फरक पावणेदोन लाखांच्या आतच येतो. तेवढ्यासाठी दोन तारखा घालवू नका.

पण ‘निवृत्त झाल्यावर पी.एफ. मिळेल तेव्हा निम्मा देईन’ ही अट मात्र कधीही घेऊ नका. एका अशिलाने माझ्याकडे येण्याआधी अशी अट मान्य केली होती. नवऱ्याने मध्ये दोनदा नोकरी बदलली, पैसे काढले, खर्च केले. निवृत्तीच्या वेळी खात्यात जे होतं त्याच्या निम्मं म्हणजे काहीच नव्हतं, आणि जप्तीला तेच कवच आडवं आलं. आज आहे ते आज मोजा आणि आजच्या आज मिळणाऱ्या गोष्टीत घ्या. हप्त्यांत घ्यावं लागलंच, तर त्यांच्या एखाद्या स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवून घ्या, कलम २५ तशी मुभा देतं.

माहिती कशी काढायची तेही बघा. शपथपत्राबरोबर पी.एफ.चं पूर्ण पासबुक मागा, फक्त शेवटचा शिल्लक आकडा नको. उमंग ॲपवर ते दिसतं, पण मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे पी.एफ. ट्रस्ट असतात, त्यांचं तपशीलवार पासबुक तिथे नसतं. ट्रस्टचं स्टेटमेंट वेगळं मागावं लागतं. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पी.एफ. सदस्याचा क्रमांक, २०१४ पासून आला. त्याआधीच्या कंपन्यांची जुनी खाती कधी जोडलेलीच नसतात, तेव्हा बायोडेटात जितक्या कंपन्या तितकी खाती विचारा. पगाराच्या मागच्या तीन वर्षांच्या स्लिपा घ्या आणि व्ही.पी.एफ.चा, म्हणजे स्वतःहून जास्त भरलेल्या पी.एफ.चा, रकाना बघा. मागे एका प्रकरणात नोटीस गेल्याच्या पुढच्या महिन्यापासून तो रकाना शून्यावरून १८,००० वर गेला होता. हातातला पगार कमी दिसावा म्हणून. स्वतःहून केलेली ही कपात पोटगी ठरवताना पगारातच धरायची, असं मी न्यायाधीशांना दाखवून दिलं आणि ते मान्य झालं. सुपरॲन्युएशन (कंपनीचा वेगळा निवृत्ती निधी), कंपनीमार्फत भरलेलं एन.पी.एस., कंपनीचे शेअर्स याही गोष्टी विचारा; हिंजवडीकडच्या नोकरदारांत हल्ली शेअर्सच पी.एफ.पेक्षा मोठे निघतात.

पेन्शन योजनेचा एक तपशील तुमच्या प्रकरणात लहान आहे, पण सांगते. मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, तेही १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५०. ३५ वर्षांच्या नोकरीवरही पेन्शन साधारण ७,५०० रुपये येतं. घटस्फोट झाला की विधवा म्हणून तुमचा त्यावर हक्क राहत नाही, पण आकडा असा असल्याने मी त्यासाठी अडून बसणार नाही.

सरकारी नोकरदारांच्या घरात मात्र हीच गोष्ट सगळ्यांत मोठी असते, आणि इतर वाचणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिते. महाराष्ट्र शासनात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांना जुनी पेन्शन आहे. शेवटचा मूळ पगार ८०,००० असेल तर पेन्शन ४०,००० आणि कुटुंब निवृत्तिवेतन सर्वसाधारण दराने २४,०००, वर महागाई भत्ता. पत्नी वयाने लहान असते, बायका जास्त जगतात. पतीमागे पंधरा-वीस वर्षं हे निवृत्तिवेतन मिळण्याची शक्यता असते. घटस्फोटाच्या सहीबरोबर ते संपतं. पन्नाशीपुढच्या जोडप्यात कोणालाच पुन्हा लग्न करायचं नसेल, तर मी दोघांनाही विचारते: घटस्फोटच हवा का, की न्यायिक विभक्तता, म्हणजे लग्न न मोडता कायद्याने वेगळं राहणं, पुरेल? उत्तर काहीही येवो, पण हा प्रश्न कोणी विचारलाच नाही म्हणून बाईने २४,००० महिना सोडून दिला, असं होऊ नये. कंपनीच्या किंवा सरकारी मेडिक्लेमचंही तेच, पूर्वपत्नी त्यातून बाहेर पडते. तुम्ही स्वतःची आरोग्य पॉलिसी आत्ता, तब्येत चांगली असताना काढा आणि पहिल्या वर्षाचा हप्ता कन्सेंट टर्म्समध्ये घाला.

परदेशातून विचारणारे मराठी लोकही बरेच असतात. अमेरिकेत निवृत्ती खातं, त्यांचं ४०१ के, घटस्फोटात खरोखर दोन भागांत तोडता येतं. त्यासाठी तिथल्या राज्याच्या कौटुंबिक कायद्याखाली विशिष्ट आदेश घ्यावा लागतो, त्याला क्यूडीआरओ म्हणतात. पुण्यातल्या न्यायालयाचा हुकूमनामा घेऊन गेलात तर ते खातं सांभाळणारी कंपनी तो मानत नाही. मालमत्तेचा मोठा भाग तिकडे असेल, तर घटस्फोट कुठे दाखल करायचा हे ठरवण्याआधीच तिथल्या वकिलाशी बोला.

आणि कमावणारी बाई असेल तर? हाच हिशेब उलट लागू होतो. बँकेत पंचवीस वर्षं काढलेली पत्नी आणि छोटं दुकान चालवणारा नवरा असं प्रकरण मी चालवलं आहे, पी.एफ., ग्रॅच्युइटी सगळी तिच्याकडे आणि त्याच्याकडे मालाचं कपाट. कलम २५ नवऱ्यालाही अर्ज करू देतं. तिथेही मी संसारातला पी.एफ. मोजायला लावला, जरी मी पत्नीची वकील होते.

ताई, आता क्रमाविषयी. संमतीच्या घटस्फोटात पहिली मोशन (दोघांचा मिळून अर्ज) आणि दुसरी मोशन (संमती पुन्हा सांगणं, मग हुकूमनामा) यांत सहा महिन्यांचं अंतर असतं. योग्य प्रकरणात न्यायालय ते माफ करू शकतं, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच तसं सांगितलं आहे. पण तुम्ही ते माफ करून घ्यायची घाई करू नका. तुमच्या दृष्टीने हे सहा महिने कामाचे आहेत. पहिल्या मोशननंतर पी.एफ.चा अर्ज, कर्जफेड, बोजा उतरवणं, बक्षीसपत्राची नोंदणी. हे सगळं झाल्याच्या पावत्या हातात आल्यावरच दुसऱ्या मोशनला सही. दुसऱ्या मोशनपर्यंत कोणालाही संमती मागे घेता येते, हे पतीलाही माहीत असतं, म्हणून त्यांच्या बाजूनेही भीती असेल. त्यांना तुमचं लेखी आश्वासन द्या, आणि न्यायालयात हमी म्हणून नोंदवा. विश्वास कमी झालेल्या माणसांत टप्प्याटप्प्याची देवाणघेवाणच चालते.

मुलीचा खर्च वडील देणार आहेत, पण त्यांचं काही बरंवाईट झालं तर? त्यांच्याकडून एक टर्म पॉलिसी विवाहित स्त्री मालमत्ता कायदा, १८७४ खाली मुलीच्या नावे काढून घ्या. त्या पैशांवर मग सावकारांचा हक्क पोहोचत नाही. हप्ता पतीने भरायचा, पावती दरवर्षी तुम्हाला पाठवायची, हेही अटींत लिहा.

तुमच्या स्वतःच्या पी.पी.एफ.ला, बँकेला आणि विम्याला नॉमिनी कोण आहे ते बघा. तुमच्या कागदांत अजून पतीचंच नाव असणार. नॉमिनी हा पैसे घेणारा असतो, मालक नव्हे, असं न्यायालयांनी अनेकदा सांगितलं आहे; तरी मागे राहिलेल्या मुलीला तो वाद घालत बसावं लागू नये. हुकूमनामा हाती आला की त्याच आठवड्यात बदला.

शेवटी घराबद्दल. दोन बेडरूमचा फ्लॅट तुम्हाला प्रिय आहे, मुलीची शाळा जवळ आहे, मला समजतं. दहावी होईपर्यंत राहा. पण तुम्ही मला ‘तुम्ही काय केलं असतं’ असं विचारलंत, म्हणून सांगते: मुलगी अकरावीला गेली की मी तो फ्लॅट विकून त्याच भागात लहान घर घेतलं असतं आणि उरलेले पैसे साठीसाठी बाजूला ठेवले असते, कारण आज तुमच्या निवृत्तीच्या नावाने फक्त २,३०,००० आहेत. बी.एड. तुमच्याकडे आहे. शाळेत परत जाता आलं तर पगार सुरुवातीला कमी असेल, पण पी.एफ. पुन्हा सुरू होईल, यावेळी तुमच्या नावाचा. जुना यूएएन नसेल, २०१२ ला तो नव्हताच. नवीन काढून मिळेल.

पुढच्या तारखेला जाताना २०१२ चं स्टेटमेंट, कर्जाचं बँकेचं शिल्लक पत्र आणि पतीच्या पी.एफ.चं पूर्ण पासबुक मागणारा अर्ज, एवढं घेऊन जा. पासबुक आल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नका, मसुदा म्हणून पुढे केला तरीही.